रुपया, राळ आणि छिन्नी

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया पाडायला सुरुवात केली. वजन १८० ग्रेन, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी आणि एक भाग हीण. त्याआधी दोनच वर्षे तोळ्याचे वजनही १८० ग्रेन ठरले होते, त्यामुळे नाणे आणि वजन एकच झाले. काट्याच्या एका पारड्यात तोडे ठेवायचे, दुसऱ्यात राणीछाप रुपये, आणि हिशेब पुरा. ‘चाळीस रुपये भाराचे तोडे’ असे कोणी म्हटले की तो वजनाचा आकडा असे आणि बऱ्याच अंशी किमतीचाही असे.

तेच रुपये मुशीतही जात. गिऱ्हाइकाने साठवलेले नाणे सोनारापुढे मोजून ठेवायचे, त्याने ते डोळ्यांदेखत वितळवून दागिना घडवायचा आणि घडणावळ वेगळी घ्यायची. पुढे कधी अडचण आली की दागिना मोडायचा. मोडीची चांदी सराफाकडून टांकसाळीत पोचली की तिचा पुन्हा रुपया होई. कच्चा माल, वजन, मजुरीचे चलन आणि विक्रीची वस्तू ही चारही कामे एकाच धातूने केली. वसाहतकाळातल्या चांदीकामाकडे पाहताना ही गोष्ट आधी मनात ठेवावी लागते. ती विसरली तर समोरची वस्तू फक्त सुंदर दिसते, तिचा अर्थ लागत नाही.

हे पुस्तक मुंबई इलाख्यातल्या आणि गोव्यातल्या चांदीकामाविषयी आहे. अवजारे आधी आणि वस्तू नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. चांदीवरची बहुतेक पुस्तके उलट क्रमाने जातात. चहाची किटली, पानदान, अत्तरदाणी यांची छायाचित्रे पुढे असतात आणि सोनाराची हत्यारे शेवटी एखाद्या परिशिष्टात येतात. मला हा क्रम अन्यायाचा वाटतो, आणि अभ्यासाच्या दृष्टीने चुकीचाही. या काळातल्या वस्तूंवर नाव असेल तर ते बहुधा पेढीचे असते. ती वस्तू ज्याने घडवली तो कारागीर तिच्यावर स्वतःचे नाव क्वचितच कोरतो. त्याचा हात ओळखायचा असेल तर त्याच्या छिन्नीने धातूवर सोडलेल्या खुणा वाचाव्या लागतात, आणि त्या खुणा वाचायच्या तर छिन्नी माहीत हवी.

तेव्हा आधी अवजारे.

सोनाराच्या जागेत प्रथम दिसते ती शेगडी, आणि तिच्याशेजारी फुंकणी. फुंकणीचे टोक वाकडे असते. ज्योत नेमक्या जागी, नेमक्या धारेने लागावी यासाठी तो वाक आहे. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सियसला वितळते, सांधे जोडणारा डाग मात्र त्याहून कमी उष्णतेला वितळला पाहिजे. म्हणून डागासाठी चांदीत पितळ किंवा जस्त मिसळतात. टाकणखाराच्या पाण्यात भिजवलेले डागाचे कण सांध्यावर ठेवून त्यावर ज्योत धरायची. डाग वाहिला त्या क्षणी फुंकर थांबली पाहिजे. क्षणभर जास्त झाली तर साखळीची कडीच बसते. तापमापक नाही, घड्याळ नाही. धातूचा रंग आणि कारागिराचा श्वास एवढेच मापक. सलग फुंकर घालताना श्वास न तोडण्यासाठी गाल फुगवून हवा राखून ठेवावी लागते, आणि ते पोरवयातच शिकवले जाई.

वितळलेली चांदी साच्यात ओतून तिची लगड करायची आणि ती ऐरणीवर ठोकायची. इथे धातूचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. ठोकत गेले की चांदी कडक होत जाते, आणि तशीच दामटली तर फाटते. म्हणून काही फेऱ्या झाल्या की ती मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करायची आणि पुन्हा ठोकायची. एका साध्या वाटीसाठीही हे चक्र अनेकदा फिरते. पत्र्यापासून खोलगट भांडे उठवायचे तर लाकडात रोवलेल्या वेगवेगळ्या तोंडांच्या लोखंडी ठोकळ्यांवर ते फिरवत, एकात एक वर्तुळे धरून ठोके द्यायचे. जुन्या भांड्याला आतून बोट लावून पाहा. हाताने उठवलेल्या भांड्यात ठोक्यांची ही वर्तुळे बोटाला लागतात. चरकावर दाबून केलेल्या भांड्यात त्यांच्या जागी सलग रेषा असतात.

तारेसाठी जंतर. पोलादी पट्टी, तिच्यात उतरत्या मापाची भोके. मोठ्या भोकातून ओढलेली तार पुढच्या लहान भोकात, तिथून त्याहून लहान भोकात. पुण्यात आणि पैठण-येवल्याच्या वाटेवर या एका अवजारावर जरीचा अख्खा धंदा उभा होता. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवून ती जंतरातून ओढत नेली की केसासारख्या तारेवरही सोन्याचा मुलामा अखंड राहतो. मग ती तार चपटी करायची आणि रेशमावर वळायची. कांब करणारे वेगळे, ओढणारे वेगळे, चपटी करणारे वेगळे, वळणारे वेगळे. पैठणीचा पदर पाहताना आपण विणकराला दाद देतो, ती योग्यच आहे. पण त्या पदरातला उजेड जंतर ओढणाऱ्या दंडांतून आलेला असतो.

चांदीकामातला सर्वांत श्रीमंत भाग मात्र उठावाच्या नक्षीचा. तिथे मुख्य साहाय्य राळेचे. राळ, विटकरीची पूड आणि थोडे तेल एकत्र शिजवून केलेला हा लगदा गरम असताना पातळ आणि थंड झाला की घट्ट असतो, तरी ठोक्याखाली जरासा दबतो. भांड्याच्या पोटात तो ओतून गार करायचा. मग बाहेरून छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन वेल, पाने, हत्ती, देवता उतरवायच्या. राळ खालून आधार देते आणि जिथे दाबायचे तिथे वाट करून देते. काम झाले की तापवून राळ काढून टाकायची. छिन्न्या दुकानात विकत मिळत नसत. कारागीर त्या स्वतः घडवी, पुष्कळदा झिजलेल्या कानशीपासून. कोणाचे तोंड अर्धचंद्राचे, कोणाचे मोहरीएवढ्या ठिपक्याचे, कोणाचे खरखरीत, म्हणजे पार्श्वभूमीवर ठोकत गेले की ती मंद दिसावी आणि नक्षी उठून यावी. त्यामुळे दोन कारागिरांचे छिन्न्यांचे संच कधी तंतोतंत सारखे नसतात. एकाच छिन्नीचा ठसा दोन वस्तूंवर सापडला, तिच्या तोंडाच्या एकाच बारीक खोटीसकट, तर त्या वस्तू एका बैठकीतल्या असण्याचा संभव फार मोठा. या पुस्तकातल्या भिंगाखालच्या छायाचित्रांचे प्रयोजन हेच आहे.

ठशांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय आपल्या देवघरापर्यंत येतो. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या देव्हाऱ्यात कुलदैवताचे टाक असतात: खंडोबा, भवानी, जोतिबा, वीर. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली ही मूर्ती पुष्कळदा धातूच्या ठशावर घेतलेली असते. ठशावर पत्रा ठेवायचा, त्यावर शिशाचा तुकडा, आणि वरून घाव. शिसे मऊ असल्याने ते पत्र्याला ठशाच्या खळग्याखळग्यात नेऊन बसवते आणि पत्रा फाटत नाही. नंतर छिन्नीने डोळे, दागिने, घोड्याचा लगाम उठवायचा. ठसा बापाकडून मुलाकडे जाई. म्हणून एका गावच्या पंचक्रोशीतल्या टाकांवर खंडोबाचा घोडा पिढ्यान्‌पिढ्या तेच पाऊल उचलताना दिसतो. ज्यांना कलेचा इतिहास म्हणजे राजांचा आणि शैलींचा इतिहास वाटतो त्यांनी हे टाक शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. गोऱ्या साहेबाच्या मेजावर कधीही न गेलेली, निर्यातीच्या कोणत्याही यादीत नसलेली ही चांदी आहे, आणि माझ्या मते या काळातल्या कारागिरीचा तो सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे.

काम संपल्यावर वस्तू काळवंडलेली असते. ती तापवून आंबट द्रावात बुडवली, जुन्या रीतीने चिंचेच्या पाण्यात, की पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि शुद्ध चांदीचा पांढराशुभ्र थर वर राहतो. मग ओपणीने घोटायचे. जुन्या वस्तूंचा तो मऊ, दुधाळ रंग या थराचा असतो. आज पॉलिशच्या चाकावर धरून अशी वस्तू ‘नवी’ करून दिली जाते, तेव्हा हा थर कायमचा जातो.

या कामाच्या टोकाला झारेकरी उभा असे. सोनाराच्या जागेतली केरराख तो विकत घेई, पाण्यात धुऊन, गाळून तिच्यातून सोन्याचांदीचे कण काढी. धातूचा एकही कण वाया जाणार नाही, ही व्यवस्था इतकी पक्की होती की जमीन झाडण्याच्या हक्कालाही किंमत होती. झारेकऱ्याच्या पाटीला आजवर कोणी संग्राहक विचारत नाही. तिला या पुस्तकात जागा मिळाली, याचा मला विशेष आनंद आहे.

एकोणिसाव्या शतकात सोनाराच्या हत्यारांच्या पेटीत परदेशी हत्यारे शिरली. शेफील्ड आणि लँकेशायरच्या कानशी आल्या. पोलाद चांगले, दाते एकसारखे. पत्रा लाटण्याची यंत्रे आली, तेजाबांच्या बाटल्या आल्या. सोनाराने त्यातले उपयोगी ते घेतले आणि आपल्या कामाला जुळवून घेतले. त्या काळी कारागिरांना भेटून गेलेल्या अनेक युरोपीय लोकांनी लिहून ठेवले आहे की हिंदुस्थानी सोनार मोजक्या, ओबडधोबड हत्यारांनी काम करतो, पायाच्या बोटांत वस्तू धरतो आणि तरी नवल घडवतो. त्यात कौतुक होते, पण पाहणे अपुरे होते. ज्याच्या पेटीत स्वतः घडवलेल्या छिन्न्यांची चळत आहे त्याची हत्यारे मोजकी नाहीत. ती विकत घेतलेली नव्हती, एवढाच फरक होता.

आता वस्तू. आणि वस्तूंची सुरुवात गोव्यापासून करायला हवी, कारण पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय गिऱ्हाईक आणि देशी कारागीर यांची गाठ इंग्रजांच्या कितीतरी आधी तिथे पडली. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्या कारागिरांनी घडवली. संताच्या आयुष्यातले प्रसंग तिच्यावर ३२ चौकटींत उठवलेले आहेत. विषय युरोपातून आलेला, देखरेख इटालियन जेझुइट पाद्री मार्सेलो मास्त्रीली यांची, पण पत्रा उठवणारा हात इथला. ज्या संगमरवरी चबुतऱ्यावर ती ठेवली आहे तो तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला आणि १६९८ मध्ये उभा झाला. त्याचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फॉज्जिनी. दर्शनाला येणाऱ्याला चबुतऱ्याच्या शिल्पकाराचे नाव सांगितले जाते. वरच्या चांदीचा उल्लेख येतो तो ‘गोव्याचे कारागीर’ एवढाच. या एका वास्तूत दोन माध्यमांच्या कारागिरांना मिळालेली वागणूक शेजारी शेजारी दिसते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुण्याच्या सोनारांचे मोठे गिऱ्हाईक, म्हणजे सरदार आणि दरबार, ओसरत गेले. त्यांची जागा हळूहळू लष्कराच्या वस्तीने घेतली. साहेबाला वेगळ्या वस्तू हव्या होत्या: चहाचा संच, भेटपत्रांची डबी, मद्याचे सुरईसारखे भांडे, घोड्यांच्या शर्यतीचा चषक. आकार इंग्रजी, नक्षी देशी. पुण्याच्या कामात देवदेवता आणि पुराणातले प्रसंग खोल उठावात येतात. लष्करातल्या हीरप्पा बुचेना या पेढीचे नाव आजही लिलावांच्या याद्यांत दिसते. कच्छची चांदी निराळी. भुजच्या ओमरसी मावजी यांच्या कामात पानांचे आणि वेलींचे जाळे इतके दाट असते की बोट टेकायला मोकळी जागा मिळत नाही, आणि त्या जाळ्यात मध्येच एखादे हरीण किंवा पक्षी दडलेला असतो. ते कच्छच्या महारावांच्या दरबारचे कारागीर होते. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची मुद्रा या काळातल्या देशी कारागिराने स्वतःचे नाव वस्तूवर ठेवल्याच्या मोजक्या उदाहरणांपैकी आहे, म्हणूनच ती इतकी मोलाची.

मुंबईत पारशी घराण्यांची मागणी होती. लग्नकार्यातली सेस, म्हणजे चांदीचे तबक आणि त्यात गुलाबदाणी, कुंकवाची पिगानी, शंकूच्या आकाराचा सोपारो. चीनच्या व्यापारात असलेल्या घराण्यांनी यातल्या काही वस्तू कँटनहूनही करवून आणल्या. दक्षिणी घरांत समया, निरांजने, ताम्हन-पळी, पानाचे तबक, अत्तरदाणी. आणि शतकाच्या अखेरीस सार्वजनिक जीवनाबरोबर एक नवी वस्तू आली: मानपत्राची चांदीची पेटी. नगरपालिका, सभा, व्यापारी मंडळे व्हाइसरॉयला मानपत्र देत तसे आपल्या पुढाऱ्यांनाही देत, आणि ते गुंडाळून ठेवायला नक्षीदार पेटी लागे. कोणाला कोणत्या नक्षीची पेटी दिली यावरून त्या गावाचे राजकारण कळू शकते, इतका हा विषय बोलका आहे. त्यावर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

हिंदुस्थानात चांदी तपासून शिक्का मारणारी सरकारी कचेरी त्या काळी नव्हती. कलकत्त्याच्या हॅमिल्टनसारख्या युरोपीय पेढ्यांनी लंडनच्या शिक्क्यांशी मिळतीजुळती चिन्हे आपल्या मालावर उठवली. देशी कारागिराकडे शुद्धतेची हमी म्हणजे त्याचा शब्द आणि गिऱ्हाइकाची त्याच्या घराशी असलेली ओळख. शिक्का नाही म्हणजे चांदी हलकी, असा निष्कर्ष काढू नये. कच्छची चांदी कित्येकदा इंग्लंडच्या स्टर्लिंगपेक्षा, म्हणजे हजारात ९२५ पेक्षा, शुद्ध भरते.

या वस्तू जमवणारे आणि त्यांच्यावर लिहिणारे लोकही या इतिहासाचा भाग आहेत. बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये हिंदुस्थानी कलाकौशल्यावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट आणि बर्डवुड यांच्या खटपटीतून जे संग्रहालय उभे राहिले, ते १८७२ मध्ये भायखळ्याच्या सध्याच्या इमारतीत लोकांसाठी खुले झाले. आज ते भाऊ दाजी लाड संग्रहालय या नावाने ओळखले जाते. नाना शंकरशेट स्वतः दैवज्ञ, म्हणजे सोनारांच्या, समाजातले. याच समाजाने ‘नमस्कार’ हा शब्द अभिवादनासाठी वापरू नये असा हुकूम पेशवे सरकारच्या आग्रहावरून कंपनीच्या मुंबई सरकारने १७७९ मध्ये काढला होता. सोनाराच्या कामाला देवळात आणि दरबारात मान होता, माणसाला मात्र अभिवादनाच्या शब्दासाठीही झगडावे लागले. चांदीवरच्या पुस्तकांत हे येत नाही, पण कारागिरांविषयी बोलायचे असेल तर हे वगळता येणार नाही.

१८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा निघाल्या. तिथे देशी कारागिरी शिकवण्याचा प्रयत्न झाला. त्या शाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स यांनी १९०४ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सोन्याचांदीच्या कामावर एक प्रबंध लिहिला. सरकारी मालिकेतला असूनही तो आजही उपयोगी आहे. मात्र बर्डवुडपासून बर्न्सपर्यंत सगळ्यांच्या विचारात एक गोष्ट समान आहे: खरी हिंदुस्थानी नक्षी कोणती हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला. चहाच्या किटलीवर मत्स्यावतार उठवणाऱ्या पुण्याच्या सोनाराला ते बिघडलेला समजत. मला तो अतिशय सजग कारागीर वाटतो. समोर आलेल्या नव्या आकाराला त्याने आपल्या हातातली भाषा दिली.

आता पुन्हा रुपयाकडे, कारण या कारागिरीवर सर्वांत मोठा घाव कोणत्याही यंत्राने घातला नाही, तो चलनाच्या धोरणाने घातला.

१८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेश-वऱ्हाडात चांदी लोटली. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी तेव्हापासून सांगितल्या जातात. धावांचे खरेखोटे बाजूला ठेवले तरी गोठ-तोडे घडवणाऱ्यांचे हात त्या वर्षांत रिकामे नव्हते. दहा-बारा वर्षांनी, १८७६-७७ च्या दुष्काळात, तेच दागिने उलट्या वाटेने आले. दख्खनच्या कुणबिणींच्या पायांतली आणि दंडांतली चांदी ढिगांनी मुंबईच्या टांकसाळीत पोचली आणि तिचे रुपये होऊन धान्य विकत घेतले गेले. संग्रहालयांत शेतकरी घरांतले १८७० पूर्वीचे चांदीचे दागिने इतके थोडे का, याचे एक कारण इथे आहे. ते वितळले.

तरीही तेव्हा ते वितळवून रुपये मिळत होते. कोणीही चांदी टांकसाळीत न्यावी, थोडी कटौती देऊन तिचे रुपये घ्यावेत, अशी मोकळीक होती. इकडे १८७३ च्या सुमाराला जर्मनीने चांदी सोडून सोन्याचे चलन धरले, अमेरिकेच्या नेवाडातल्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि जगभर तिचा भाव कोसळत गेला. १८७० च्या सुमाराला दोन शिलिंगांच्या जवळ असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. लंडनला पाठवायच्या रकमा महाग पडू लागल्या, आणि १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपया पुढे एक शिलिंग चार पेन्सांवर धरून ठेवला गेला. चांदीचा भाव मात्र पडतच राहिला. १९०२ च्या सुमाराला रुपयातल्या चांदीची किंमत रुपयाच्या निम्म्याच्या आसपास होती.

याचा अर्थ नीट पाहा. चाळीस रुपये भाराच्या तोड्यांना आता चाळीस रुपये येत नव्हते. ज्या बाईने आपली बचत पायात घातली होती, तिच्या बचतीतला मोठा हिस्सा एका कायद्याने गेला. शेतसारा मात्र रुपयांतच भरायचा होता. दादाभाई नवरोजींनी या धोरणावर कडक टीका केली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ च्या ग्रंथात चांदीच्या रुपयाचा हा सारा इतिहास मुळापासून तपासला. चांदीकामाच्या अभ्यासकाने तो ग्रंथ अवश्य वाचावा. त्यात ऐरण आणि फुंकणी नाहीत, पण ऐरणीपर्यंत येणारी चांदी कोणत्या नियमांनी महाग-स्वस्त झाली, ते त्याच्याइतके स्पष्ट फार थोड्यांनी मांडले आहे.

कारागिराच्या बाजूनेही बदल झाला. रुपया वितळवणे तोट्याचे ठरले, म्हणून बाजारातली पाटाची चांदी घेणे आले. पहिल्या महायुद्धात भाव उलटून वर गेला, रुपये पुन्हा मुशीत जाऊ लागले, तेव्हा १९१७ मध्ये सरकारने नाणी वितळवण्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले साठवलेले डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानच्या चलनासाठी दिली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. सोनाराच्या काट्यातली नाण्याची आणि दागिन्याची जोडी तिथे तुटली.

     

आणि चांदी नसलेली चांदीही याच काळात आली. तांबे, निकेल आणि जस्त यांचे जर्मन सिल्व्हर, आणि बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन पेढीने १८४० च्या पेटंटनंतर पसरवलेला विजेचा मुलामा. मध्यमवर्गीय घरांत तबक-तांब्यांची हौस यांनी स्वस्तात भागवली. जरीच्या धंद्यात फ्रान्स-जर्मनीहून आलेल्या खोट्या तारेने पुण्याच्या जंतरांना गप्प केले. तरी नाशिकची पूजेची भांडी टिकली, हुपरीचे पैंजण आणि साखळ्या देशभर जाऊ लागल्या, खामगावची चांदीची बाजारपेठ आजही नावाजलेली आहे.

पुस्तकाच्या वाचकाला एक सूचना. वस्तूंचा भाग उघडण्याआधी अवजारांचा भाग एकदा सावकाश वाचा, आणि छिन्न्यांच्या तोंडांची मोठी केलेली छायाचित्रे मनात ठेवा. मग वस्तू पाहताना त्या खुणा आपोआप दिसू लागतील.

शेवटी एक विनंती, आणि ती मनापासून. वस्तू आता सुरक्षित आहेत. त्यांना भाव आहे, त्यामुळे त्या जपल्या जातात. अवजारांना भाव नाही. गावोगावची पिढीजात सोनारकामाची दुकाने बंद होत आहेत. पुढची पिढी दुसऱ्या धंद्यात गेली की आजोबांची पेटी भंगारवाल्याकडे किलोने जाते: जंतरे, ठसे, छिन्न्या, काटा, गुंजांची वजने, सगळे एकत्र. आपल्या घरात, शेजारात, ओळखीत अशी पेटी असेल तर ती विकण्याआधी एवढे करा. पेटी फोडू नका, संच एकत्र ठेवा. ती कोणाची, कोणत्या गावची, तिच्यावर काय काय घडवले जाई, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. प्रत्येक ठशाचा मेणावर किंवा शिशाच्या पत्र्यावर छाप घ्या, छिन्न्यांची छायाचित्रे काढा. चालवून दाखवणारा हात घरात अजून असेल तर त्याचे काम चित्रित करा. आणि मग ती पेटी जवळच्या संग्रहालयाकडे द्या, कारागिराच्या पूर्ण नावासकट.